काचेवरची लाल पट्टी

उंची दाखवणारं यंत्र उंची मोजतच नाही, हे काका नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत. मुलं चक्रावून जात. मग काका एखाद्याच्या डोक्यावर जाड पुस्तकांची चळत ठेवत आणि वरून एकेक पुस्तक काढत जात.

"हलकं वाटतंय? बस, एवढंच आहे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर हवेची अशी चळत असते. वर जाऊ तशी ती कमी होते. यंत्राला कळतो तो तेवढा दाब. उंची हा शब्द आपण त्याच्या तोंडी घातलेला आहे."

आणि तोंडी घालताना माणसांचं एकमत झालेलं नाही, हे ते पुढे सांगत. काकांचा जन्म मोठी प्रवासी विमानं चालवण्यात गेला होता. एका देशाच्या आकाशात उंची फुटांत सांगतात आणि हद्द ओलांडली की शेजारचा देश मीटरमध्ये बोलू लागतो. हवेचा दाब कुणी हेक्टोपास्कलमध्ये देतं, तर कुणी अजून पाऱ्याच्या इंचांतच. वर घर एकच, पण भाडेकरू इतके आणि प्रत्येकाचं माप वेगळं. म्हणून आकड्याला कधी एकट्याला बाहेर सोडायचं नाही, त्याच्यासोबत त्याचं माप पाठवायचंच, हा त्यांचा नियम होता. एखाद्या मुलाने "सर, तीनशे" म्हटलं की ते गंभीर चेहऱ्याने विचारत, "तीनशे काय? बटाटे?"

त्यामुळे ग्लायडर क्लबात त्यांना सगळे बटाटेसर म्हणत. पाठीमागे म्हणत आणि आता आता तोंडावरही. एका वाढदिवसाला मुलांनी त्यांना खरोखरच बटाट्यांची पिशवी दिली होती. वर चिठ्ठी होती: "पाच. किलो, सर."

त्यांना काका म्हणणारी क्लबात एकच होती, त्यांची पुतणी. मोठ्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यावर ती काकांच्या मागे मागे हँगरमध्ये येऊ लागली, आधी ग्लायडर पुसायला, मग ढकलायला आणि शेवटी उडवायला. वहिनींना ते मुळीच पसंत नव्हतं. इंजिन नसलेल्या विमानात बसायचं म्हणजे पाय नसलेल्या खुर्चीत बसण्यासारखं आहे, असं त्या म्हणत. पण शेवटी त्यांनी हात टेकले.

"तुम्ही आहात म्हणून पाठवते, भावजी," त्या म्हणाल्या. "मला त्या काट्यांमधलं काही कळत नाही. मला तुम्ही कळता."

क्लब लहानसा होता. गवताची धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर, ग्लायडर वर ओढून नेणारं एक जुनं विमान आणि ते चालवणारी, मोजकंच बोलणारी एक बाई. क्लबातली सगळी यंत्रं मीटरमध्ये उंची दाखवत. सकाळी उड्डाणाआधी खालची कळ फिरवून काटा शून्यावर आणायचा अशी इथली पद्धत होती. म्हणजे काटा जे सांगेल ती या गवतापासूनची उंची. पद्धत सोपी होती. यंत्राच्या काचेत दाबाचे आकडे दाखवणारी एक छोटी खिडकी असते, पण काटा शून्यावर आणला की झालं. त्या खिडकीकडे इथे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

दुसरी एक पद्धत काकांनीच पाडली होती. बाहेरून आलेलं एखादं यंत्र फुटांत दाखवणारं असेल, तर त्याच्या काचेवर लाल चिकटपट्टी लावायची. तबकडी दोन्हींची सारखीच, शून्य ते नऊ. मीटर की फूट हा शब्द मध्ये मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणून लाल पट्टी. लाल दिसलं की थांबायचं आणि विचारायचं.

दोन आसनांच्या ग्लायडरमधून पुतणी एकटीने उडून चुकली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदाच छोट्या, एका आसनाच्या ग्लायडरमधून जाणार होती. सकाळी काकांनी त्याचं उंचीचं यंत्र तपासलं, तर काटा अडकत होता. काचेवर टिचकी मारली की उडी मारून पुढे जायचा, पुन्हा अडायचा.

उड्डाण पुढे ढकलता आलं असतं. पण वाऱ्याने बरेच दिवस छळलं होतं आणि आज कुठे हवा शांत होती. पोरगी पहाटेपासून तयार होऊन बसली होती. कपाटात परदेशातून आणलेल्या एका मोडक्या ग्लायडरचं यंत्र होतं. ते फुटांतलं होतं, पण काटा लोण्यासारखा फिरत होता. काकांनी ते बसवलं, काटा शून्यावर आणला आणि कात्रीने लाल पट्टीचा तुकडा कापला. दोन्ही हातांत स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रू होते, म्हणून तुकडा तेवढ्यापुरता निळ्या स्वेटरच्या बाहीवर चिकटवून ठेवला. तितक्यात ओढविमानवाल्या बाईंनी बाहेरून सांगितलं की वारा फिरायला लागलाय, जायचं तर आत्ताच. सगळ्यांनी मिळून ग्लायडर बाहेर ढकललं. पंखाचं टोक धरून चालताना काकांच्या मनात होतं की तोंडीच सांगू, नाहीतरी सांगायचंच आहे.

पुतणी आत बसली. काकांनी तिचे पट्टे आवळले.

"घाबरलंय कोण काका, मी की तुम्ही?" तिने विचारलं.

काका हसले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. नाक कुठे ठेवायचं, वेग किती, वारा कुठून. सहाशेला दोरी सोड, तीनशेला हँगरच्या कोपऱ्याकडे वळ. जमीन जवळ आल्यासारखी वाटली तरी घाबरायचं नाही, नवीन ग्लायडरमध्ये डोळा फसवतो. डोळ्यावर जाऊ नकोस, काट्यावर जा.

सहाशे आणि तीनशे. आयुष्यभर आकड्याला एकटं न सोडणाऱ्या माणसाने त्या दिवशी दोन आकडे एकटेच आत सोडले आणि वरून काचेचं झाकण लावलं.

दोरी फारच लवकर सुटली. ओढणारं विमान हलकं होऊन वर उसळलं तेव्हा काकांना आधी वाटलं, दोरी तुटली. तसं असतं तर पोरीने ताबडतोब धावपट्टीकडे वळायला हवं होतं. ती वळली नाही. गाठीशी भरपूर उंची असल्यासारखी ती निवांत पलीकडे, शेतांकडच्या पाण्याच्या पाटाच्या दिशेने गेली.  बाहीकडे बघायच्या आधीच त्यांना कळलं होतं. तिच्या काट्यावर सहाशे होते. सहाशे फूट, म्हणजे एकशे ऐंशी मीटरच्या आसपास.

त्यांनी रेडिओ उचलला. तू खूप खाली आहेस, लगेच मागे वळ, असं सांगितलं. तिचा आवाज अगदी शांत आला.

"अजून तीनशे आहेत, काका."

ती वळली मात्र. आज्ञाधारक होती. पण उंची पुरली नाही. पाटावरून आली, कुंपणाच्या खांबाला एक पंख लागला आणि ग्लायडर गिरकी घेऊन नांगरलेल्या शेतात आडवं झालं.

काका धापा टाकत पोचले तेव्हा ती ढेकळांवर बसली होती, डावं मनगट उजव्या हातात धरून. चेहरा पांढरा, पण शुद्धीवर होती. "सॉरी काका, पंख मोडला," एवढंच म्हणाली. क्लबातल्या दोघांनी तिला उचलून गाडीत नेलं. ओढविमानवाल्या बाई उतरून धावत येत होत्या. त्यांनी लांबूनच काकांना बॅटरी बंद करायला सांगितलं.

काका आत वाकले. बॅटरी बंद केली. यंत्राची काच शाबूत होती आणि काटा शून्याच्या जरा खाली येऊन थांबला होता. त्यांच्या बाहीवर लाल तुकडा होता.

हात आधी गेला, मन मागाहून पोचलं. तुकडा काचेवर बसला. काकांनी अंगठ्याने तो नीट दाबला, सवयीप्रमाणे, कडांवरून. मग ते सरळ उभे राहिले, तेव्हा बाई शेजारी आल्या होत्या.

हॉस्पिटलात मनगटाला प्लास्टर घातलं. पुतणी पुन्हा पुन्हा विचारत होती की नेमकं झालं काय. बाईंनी तिला हळूच सांगितलं. यंत्र फुटांचं होतं. तू सहाशे मीटर समजून सोडलंस. लाल पट्टी होती की काचेवर, बघितली नाहीस का?

पोरीने प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग तिने काकांकडे पाहिलं.

"होती?"

"होती," काका म्हणाले.

तेवढ्यात वहिनी आल्या, मुलीच्या केसांतली माती झटकली आणि काकांकडे वळून म्हणाल्या की तुम्ही होतात म्हणून थोडक्यात निभावलं. काकांना वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. ते पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि पाणी न आणताच परत आले.

क्लबाच्या समितीने रविवारी बैठक ठेवली. पोरीला पुढे शिकवायचं की नाही, ते ठरायचं होतं. यंत्र काकांनी बदललं हे सगळ्यांना माहीत होतं. पण पट्टी लावली होती म्हणजे त्यांचं काम चोख होतं, आणि त्यांच्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट एकदोघांनी त्यांची समजूत काढली की आपण कितीही सांगितलं तरी हल्लीची मुलं बघत नाहीत. काकांनी मान हलवली. हलवायला नको होती, हे त्यांना मान हलत असतानाच कळत होतं.

ते रोज ठरवत की आज सांगायचं. सकाळी दाढी करताना वाक्य तयार असे. दुपारी ते थोडं लांबलेलं असे, त्यात वारा यायचा, घाई यायची, हातातला स्क्रूड्रायव्हर यायचा. संध्याकाळपर्यंत त्याचं इतकं मोठं भाषण होई की ते कुणापुढे करायची लाज वाटे. पोरांना त्यांनी किती वेळा सांगितलं होतं, खरं उत्तर एका ओळीत मावतं, लांबलं की समजावं कुठेतरी चुकलंय.

बैठकीच्या आधी वहिनींचा फोन आला. पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. कारण सांगत नव्हती. त्यांना स्वतःला सुट्टी मिळत नव्हती, तेव्हा भावजी नेतील का.

डॉक्टरांच्या खोलीत फिकट पडदे होते आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. पुतणीने खुर्चीत बसताच सांगितलं की तिला लाल रंग दिसतो का ते तपासायचंय. काका दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. ते उठले आणि पुन्हा बसले.

डॉक्टर म्हातारे आणि गमत्ये होते. त्यांनी रंगीत ठिपक्यांची पानं काढली. हिरव्या ठिपक्यांत लाल ठिपक्यांचा आकडा लपलेला असतो आणि ज्याला लाल नीट दिसत नाही त्याला तो सापडत नाही. पोरीने एकेक आकडा पान उघडताच वाचला. डॉक्टर म्हणाले, डोळे फर्स्ट क्लास आहेत. तुमच्या काकांचा चेहरा उतरलाय, त्यांचे तपासू का?

ती हसली नाही. तिने विचारलं, समोरची वस्तू दिसूनही दिसली नाही, असं होतं का? होतं, लक्ष दुसरीकडे असलं की होतं, असं ते म्हणाले.

"पण माझं लक्ष तिथेच होतं," ती म्हणाली. "मला काच आठवतेय. खाली डावीकडे ओरखडा होता. वरच्या स्क्रूची खाच घासलेली होती. सगळं आठवतंय. पट्टी तेवढी नाही आठवत."

ओरखडा होता. स्क्रूची खाचही घासलेली होती. काकांच्याच स्क्रूड्रायव्हरने ती त्या सकाळी घासली होती.

परतताना ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. रविवारी ती स्वतःच समितीला सांगणार होती की मला उडवू देऊ नका. डोळे बरे आहेत म्हणजे डोक्यातच काहीतरी आहे. आता रस्ता ओलांडतानाही सिग्नल हिरवा आहे ना, ते ती शेजारच्या माणसाला विचारून घेते. पुढच्या वर्षी गाडी शिकायची होती, तीही नको.

काकांनी गाडी कडेला घेतली. समोर एक बंद दुकान होतं आणि त्याच्या पायरीवर एक कुत्रं झोपलेलं.

"पट्टी नव्हती," ते म्हणाले.

तिला कळलं नाही. तिने वळून पाहिलं.

"तू उडालीस तेव्हा पट्टी नव्हती. माझ्या बाहीवर राहिली होती. तुला गाडीत नेल्यावर मी ती लावली."

वाक्य खरंच छोटं होतं. बाहेर एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. कुत्र्याने कान हलवला. पोरीने प्लास्टरमधल्या हाताची बोटं एकदा मिटली, एकदा उघडली.

"का?"

मुलांच्या प्रत्येक 'का'ला काकांकडे उत्तर असे, आणि नसलं तर "उद्या शोधून सांगतो" असे. या वेळी एकच शब्द निघाला.

"घाबरलो," ते शेवटी म्हणाले.

"विसरलात, ते जाऊ दे," ती म्हणाली. तिचा आवाज रेडिओवर आला होता तितकाच शांत होता. "विसरतो माणूस. पण हॉस्पिटलात मी तुम्हाला विचारलं होतं, काका. तुमच्याकडे बघून विचारलं. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी तुमचं ऐकलं असतं. तुम्ही होती म्हणालात, तेही ऐकलं. मी माझ्या डोळ्यांचं नाही ऐकलं, तुमचं ऐकलं. वर असतानाही तेच केलं. जमीन जवळ दिसत होती मला."

काकांनी गाडीचं इंजिन बंद केलं.

"समितीला सांगा," ती दार उघडत म्हणाली. घर तिथून एकाच वळणावर होतं. "आणि आईला तुम्हीच सांगायचं. मी सांगितलं तर ती तुमची बाजू घेईल."

समितीला सांगणं तुलनेने सोपं गेलं. काकांनी उभं राहून तीच तीन वाक्यं सांगितली आणि हँगरची किल्ली टेबलावर ठेवली. कुणीतरी म्हणालं, इतक्या वर्षांची सेवा आहे, एवढं मनाला लावून घेऊ नका. ओढविमानवाल्या बाईंनी त्याला तिथेच थांबवलं. त्या म्हणाल्या, पट्टीच्या कडेला निळी लोकर चिकटलेली मी पाहिली होती. काचेला लोकर कुठून आली हा प्रश्नही मला पडला होता. मी विचारला नाही, कारण पट्टी बटाटेसरांची होती. मग त्या खाली बघत बसल्या. काकांना शिकवायची बंदी झाली. पोरीचं नाव शिकणाऱ्यांच्या यादीत राहिलं. पुढे तिला बाईच शिकवणार होत्या.

वहिनींकडे जाताना मात्र काका दोनदा वाट चुकले, आपल्याच भावाच्या घराची.

वहिनी वाळलेले कपडे घडी करत होत्या. काका बोलत असताना त्यांनी घड्या घालणं थांबवलं नाही. उशांचे अभ्रे, टॉवेल, पोरीचा एक सदरा, त्याची डावी बाही प्लास्टर आत जावं म्हणून उसवलेली. तो सदरा त्यांनी मांडीवर ठेवला आणि त्यावर हात फिरवत राहिल्या.

"मला काट्यातलं काही कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कळता असं वाटायचं."

काका उभेच होते.

"आता तुम्हाला बसा म्हणू की जा म्हणू, तेही कळत नाहीये, भावजी."

तेव्हा आतल्या खोलीतून पोरगी दारात आली. आईकडे किंवा काकांकडे न बघता, चौकटीकडे बघत बोलली. प्लास्टर निघालं की मी परत उडणार आहे. बाईंना हो म्हणून सांगितलंय. आईने काही म्हणायच्या आत ती पुढे म्हणाली, "काका आले तरी चालतील. पण कुंपणाबाहेर."

वहिनींनी सदऱ्याची घडी घातली आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या. तीन कप काढले. एक परत ठेवला, मग पुन्हा काढला.

प्लास्टर निघालं, पंख दुरुस्त झाला, हवा निवळली. त्या दिवशी काका पाटाच्या बाजूला, कुंपणाच्या बाहेर उभे होते. शेतातली ढेकळं फुटून आता तिथे काहीतरी हिरवं उगवलं होतं. नवीन खांब जुन्या खांबांमध्ये वेगळा ओळखू येत होता.

लांबून त्यांना एवढंच दिसलं की पुतणी आत बसल्यावर पुढे वाकली, बोटाने यंत्राची काच पुसली आणि बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिली. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं असावं. तिने काहीतरी उत्तर दिलं. मग तिने मान वर करून एकदा धावपट्टीकडे, झाडांकडे, पाटाकडे स्वतः नजर फिरवली. ती नजर कुंपणावरूनही गेली, पण थांबली नाही.

बाई आपल्या विमानात जाऊन बसल्या आणि त्या विमानाने तिला ओढून वर नेलं. काका मान मागे टाकून बघत होते. दोरी सुटली तेव्हा ग्लायडर खूप वर होतं, वाटाण्याएवढं. सवयीने त्यांच्या ओठांवर एक आकडा आला. विचारायला जवळ कुणी नव्हतं आणि सांगायचा हक्क त्यांना राहिला नव्हता. त्यांनी तोंड मिटलं आणि ग्लायडर वळण घेऊन सावकाश खाली येईपर्यंत तिथेच, नव्या खांबाला हात न लावता, उभे राहिले.